विम्याचा आवाज, राक्षसाचा आवाज

बातम्यांच्या वाहिनीत त्याला सगळे ‘घसा’ म्हणत. ‘घसा आला का?’, ‘घशाला वर बोलवा’, ‘थांबा, घसा जेवायला गेलाय’. एवढ्या मोठ्या देहातून लोकांनी नेमका एकच अवयव लक्षात ठेवावा याचं दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं, पण याची उलट छाती फुगायची. आपल्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोट सुटलेलं, केस गेलेले, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. पण तोंड उघडलं की समोरचा माणूस सावरून बसायचा. बायको म्हणायची, “मी लग्न फोनवर ठरवलं. आधी पाहिलं असतं तर विचार केला असता.”

त्याच्याकडे एक आवाज नव्हता, आवाजांचं दुकान होतं. विम्याचा आवाज सगळ्यांत प्रसिद्ध. ऊबदार, खालच्या पट्टीतला, शेवटी “आम्ही आहोत ना” म्हणणारा. ते तीन शब्द ऐकून लोक हप्ते भरायचे. सिमेंटचा आवाज होता, तो छाती पुढे काढून बोलायचा. सांधेदुखीच्या बामाचा होता, तो कण्हून सुरू व्हायचा आणि हसत संपायचा. आणि लहान मुलांच्या कार्टूनमधल्या राक्षसाचा होता. तो घशाच्या अगदी तळातून, पातेलं खरवडावं तसा काढावा लागायचा. राक्षसाला पैसे कमी मिळत, पण शेजारची पोरं जिन्यात त्याला पाहून पळायची, याचा त्याला छुपा अभिमान होता.

मग कुठेतरी लांब, दोन देशांत युद्ध सुरू झालं. किती लांब, तर संपादकसाहेबांनी बैठकीत नकाशावर बोट ठेवलं ते आधी समुद्रात पडलं. त्या दोन देशांपैकी एक ‘आपल्या बाजूचा’ निघाला. तो कसा निघाला हे घशाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो बैठकीला पाच मिनिटं उशिरा पोचला होता आणि तोवर ते ठरून गेलं होतं.

“आपण समतोल ठेवायचा,” संपादकसाहेब म्हणाले. ते मनाने चांगले गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगायला हवं. “दोन्हीकडची माणसं दाखवायची. दोन्हीकडचं रडणं दाखवायचं. फक्त प्रेक्षकाचा गोंधळ नको व्हायला.”

गोंधळ नको म्हणून मग बारीकसारीक गोष्टी ठरत गेल्या. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कट केला नाही. आपल्या बाजूला घर पडलं की त्यात किती खोल्या होत्या, कुत्र्याचं नाव काय होतं, सगळं कळायचं. त्या बाजूला घर पडायचंच नाही, ‘ठिकाण’ पडायचं. आपल्या बाजूच्या माणसाला नाव असायचं, वय असायचं, धंदा असायचा. त्या बाजूचा माणूस ‘एक रहिवासी’ असायचा.

घशाचं काम दोन्हीकडच्या माणसांना मराठीत बोलतं करायचं. पद्धत जुनीच. सुरुवातीला एक-दोन क्षण तो माणूस त्याच्या भाषेत बोलतो, म्हणजे प्रेक्षकाला खरं वाटतं. मग त्याचा आवाज हळूच खाली नेतात. त्याला वाहिनीत ‘तळाचा आवाज’ म्हणतात. आणि त्याच्यावर घसा चढतो. आपल्या बाजूच्या बापांना त्याने विम्याचा आवाज दिला, सैनिकांना सिमेंटचा. त्या बाजूच्या पहिल्या माणसालाही सवयीने विमाच दिला, तेव्हा काचेपलीकडून बटणवाली अडखळली. बटणवाली म्हणजे ध्वनिमुद्रण सांभाळणारी. कानावर सदा ते मोठं यंत्र, आणि बोलणं मोजकं.

“जरा कमी जवळचा वाटू दे,” ती म्हणाली.

“म्हणजे कसा?”

“म्हणजे प्रेक्षकाला त्याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटू नये.”

घशाने क्षणभर विचार केला आणि राक्षस काढला. खोकला वगळला, गुरगुर निम्मी केली, वर थोडं दुःख भुरभुरवलं. काचेपलीकडे अंगठा वर झाला. कल्पना सर्वस्वी त्याची होती. नंतर ही हकिगत तो स्वतःच सांगायचा आणि या जागी आला की मान खाली घालायचा. मग मान वर करून म्हणायचा, “पण निवड अचूक होती हो.” माणसाची जात.

युद्ध लांबलं तशी घशाची चलती झाली. रोज दोन-तीन माणसं. मजकूर लिहिणारे फार लिहीत नसत. पडद्यावरचा माणूस मिनिटभर हातवारे करून बोलायचा आणि घशाच्या हाती कागद यायचा दोन वाक्यांचा. ती दोन वाक्यं मिनिटभर ताणायची म्हणजे कसब लागतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे हुंदका गिळायचा, कुठे नुसतंच गुरगुरायचं. घशाला वाटायचं, या कलेचं कुणीतरी पुस्तक लिहायला हवं. बाकीचा सगळा वेळ तो माणूस काय बोलत होता, हा प्रश्न त्याला पडला नाही. पडला असता तर काम थांबलं असतं.

त्यातच तो म्हातारा आला. पांढऱ्या भरघोस मिशा, अंगभर धूळ, मागे पडलेली भिंत, आणि कॅमेऱ्याच्या दिशेने रोखलेलं बोट. कागदावर वर लिहिलं होतं, ‘संतप्त रहिवासी’. खाली दोन वाक्यं. “आम्ही विसरणार नाही. एकेकाचा हिशेब होईल.” मिशा बघूनच घशाला स्फूर्ती आली. त्याने ती दोन वाक्यं अशी काढली की बटणवालीने कानावरचं यंत्र जरा दूर धरलं. ‘एकेकाचा’ म्हणताना त्याने पूर्ण राक्षस लावला, खोकल्यासकट.

संपादकसाहेबांनी तो तुकडा डोक्यावर घेतला. बोटाभोवती लाल वर्तुळ काढलं, चित्र तिथेच गोठवलं, खाली ठळक अक्षरांची लाल पट्टी कायमची ठोकली, आणि दर बातमीपत्राआधी तो म्हातारा गुरगुरू लागला. घरी बायको हातातलं काम सोडून बघत राहिली.

“काटा आला हो अंगावर. काय भयंकर माणूस आहे.”

“तो माणूस नाही, मी आहे,” घसा खुशीत म्हणाला.

“तेच म्हणते मी,” बायको म्हणाली आणि आत गेली.

पण घशाचं सुख घशाला सोसलं नाही. राक्षस हा अधूनमधून काढायचा आवाज. रोजच्या रोज खरवडल्यावर एके सकाळी विम्याच्या नव्या जाहिरातीचं ध्वनिमुद्रण होतं, तिथे “आम्ही आहोत ना” म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि आतून राक्षस बाहेर आला. ते तीन शब्द अशा काही सुरात निघाले की विमा कंपनीचा माणूस खुर्चीत मागे सरकला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, मध झाला, मफलर झाला. विमा काही परत येईना. राक्षस गेला तर गेला, पण घर चालत होतं विम्यावर. आवाज गेला तर आपण नुसतं पोट आणि चष्मा उरू, हे त्याला लख्ख दिसलं. बायकोने कुठूनतरी एका घशाच्या डॉक्टरबाईंचं नाव काढलं आणि त्याला घराबाहेर पिटाळलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात टीव्ही, आणि टेबलामागे डॉक्टरांच्या सासूबाई. मुलगा बाहेरगावी नोकरीला, सून आत पेशंट तपासणार, मग बाहेरची शिस्त कोण सांभाळणार, म्हणून त्या स्वतःहून टेबलामागे बसल्या होत्या आणि आता कुणाच्या उठवण्याने उठणार नव्हत्या. घशाने घोगऱ्या आवाजात नाव सांगितलं, तशा त्या टेबलावर पुढे झुकल्या.

“अगंबाई! विमा!”

घसा लाजला. लाजण्याचंही त्याच्याकडे एक तंत्र होतं.

“ते म्हणा ना एकदा. ‘आम्ही आहोत ना.’”

त्याने म्हटलं. सासूबाईंचा हात छातीवर गेला. “बरं केलंत लवकर आलात,” त्या म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर आपलीच वाहिनी लागलेली पाहून त्याला बरं वाटलं. तेवढ्यात म्हातारा गुरगुरला. लाल वर्तुळ, रोखलेलं बोट.

“बघा हो, कसला माणूस आहे,” सासूबाई म्हणाल्या. “डोळे मिटले तरी दिसतो. मी सुनेला विचारलंसुद्धा, अगं, तुमच्याकडची माणसं अशी का गं? तर काही बोलतच नाही. तेव्हापासून जेवतही नाही धड.”

हे वाक्य घशाच्या कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही. त्याचे कान त्या वेळी कौतुक ऐकण्याच्या कामात गुंतलेले होते. हा आवाजही माझाच, असं सांगायची त्याच्या जिभेला खाज सुटली, पण त्याने ते राखून ठेवलं. म्हटलं, आत डॉक्टरांनाच सांगू, त्यांना धंद्याच्या दृष्टीने जास्त कळेल.

डॉक्टर चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. मराठी अगदी स्वच्छ, फक्त कुठे घाई नाही. त्यांनी नाकातून बारीक नळी आत सोडली आणि समोरच्या पडद्यावर घशाला त्याचं अख्खं भांडवल दिसलं. दोन फिक्या पट्ट्या, कडेला सुजलेल्या, मध्ये तांदळाएवढ्या दोन गाठी. एवढ्यावर आपण आयुष्य काढलं याचं त्याला नवल वाटलं, आणि थोडा अपमानही.

“काय करता तुम्ही या घशाचं?” डॉक्टरांनी विचारलं. “हे बोलून होत नाही. कुठला आवाज काढताना त्रास होतो, तो काढून दाखवा. नळी आत आहे तोवर मला दिसेल.”

ही संधी घसा सोडणार होय? नाकात नळी, डोळ्यांत पाणी, तरी त्याने खुर्चीत पाठ ताठ केली आणि पूर्ण जीव ओतून म्हटलं, “आम्ही विसरणार नाही. एकेकाचा हिशेब होईल.”

पडद्यावर त्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. मग बघतच राहिल्या. नळी धरलेला हात जागचा हलला नाही, पण दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली.

“हा तुम्ही?” त्या म्हणाल्या.

घशाने नळीसकट मान डोलावली. डोळ्यांत कौतुकाची वाट बघणारं ते हसू. पुढे हा क्षण सांगताना तो इथे थांबायचा. म्हणायचा, “जन्मात इतका मूर्ख मी कधी दिसलो नसेन. आणि तोही नाकात नळी घालून.”

डॉक्टरांनी नळी सावकाश बाहेर काढली, नीट पुसून ठेवली. हातमोजे काढले. मग समोरच्या स्टुलावर बसल्या.

“ते माझे बाबा आहेत,” त्या म्हणाल्या.

बाहेर सासूबाई कुणालातरी चपला नीट काढायला सांगत होत्या. घशाला ते स्पष्ट ऐकू आलं. नको तेव्हा कान असे चांगले चालतात.

“बाबांचा फोन बंद आहे,” डॉक्टर सांगू लागल्या. “शेजारी, दवाखाने, छावण्या, सगळीकडे विचारलं मी. कुठेच पत्ता नाही. मग एक दिवस बाहेर टीव्हीवर बाबा दिसले. दोन क्षण त्यांचा आवाज आला. दोनच. आणि मग तुमचा. मी तो तुकडा फोनवर घेऊन कितीदा ऐकला. कान लावते, यंत्रं लावते. खाली ते बोलतायत हे कळतं, पण काय बोलतायत ते कळत नाही. तुमच्या वाहिनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद. बाहेर बसल्यात त्या आईंनी तो तुकडा बघितला आणि मी सांगायच्या आधीच म्हणाल्या, काय भयंकर माणूस आहे. त्यांनी बाबांना एकदाच पाहिलंय, लग्नात, कोटात. मग कसं सांगणार होते मी?”

घशाला काहीतरी बोलायचं होतं. विम्याच्या आवाजात काहीतरी. त्याने तोंड उघडलं.

“बोलू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “आजपासून मौन. कुजबुजही नाही, तिने ताण जास्त पडतो. गाठी आहेत, वेळेत आलात म्हणून बऱ्या होतील.” हे त्या डॉक्टर म्हणून म्हणाल्या की मुलगी म्हणून, ते घशाला कळलं नाही. कागदावर शिक्का मारता मारता त्यांनी मान वर न करता विचारलं, “एक करता येईल का? तुमचा आवाज त्यावरून काढता येईल? त्याच्या खाली माझे बाबा आहेत.”

आजवर लोकांनी त्याला हवे ते आवाज मागितले होते. आवाज काढून टाक, असं सांगणारं माणूस पहिलंच. घसा उठला, हात जोडले, आणि जिना उतरताना दोनदा चुकला.

वाहिनीकडे जाताना त्याने मनात एक भाषण रचलं. काय भाषण होतं ते! “संपादकसाहेब, आपण बोट दाखवलं, माणूस दाखवला नाही.” हे सिमेंटच्या आवाजात. मग जरा थांबून, सगळा कक्ष माना वळवून बघत असताना, “उद्यापासून माझा घसा तुमच्या हिशेबासाठी नाही.” डोळ्यांसमोर बटणवाली उठून उभी राहिलेली, टाळ्या, कदाचित पाणावलेले डोळे. वाहिनीच्या दारात पोचेपर्यंत तो स्वतःच इतका हेलावला होता की पहारेकऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का.

संपादकसाहेबांच्या खोलीत गेला, छाती भरून घेतली, आणि आठवलं की बोलायचं नाही. हातातला कागद तेवढा पुढे झाला.

“मौन? अरे बापरे,” संपादकसाहेब मनापासून कळवळले. “हे काय करून घेतलंस? आमच्या हिच्या मावशीला असंच झालं होतं. तू मुळीच काळजी करू नको. नीट विश्रांती घे. राक्षस काय, तो हवामानवाल्यालाही जमतो, परवा कॅंटीनमध्ये काढून दाखवत होता.”

सगळं भाषण जागच्या जागी बसलं. हवामानवाला! तो पाऊसपाणी नाकातून सांगणारा! घशाला क्षणभर म्हाताऱ्यापेक्षा हेच जास्त लागलं, आणि त्याची लाज त्याला जिन्यात वाटली. एका माणसाने तत्त्वासाठी गप्प बसायचं ठरवलं, असं पुढे चारचौघांत सांगता आलं असतं. पण कागदावर शिक्का होता आणि कारणाच्या जागी ‘सूज’ लिहिलेलं होतं.

बटणवाली खाली तिच्या काचेमागे होती. त्याने फोनवर टाइप करून पडदा तिच्यापुढे धरला. “तो म्हातारा. मूळ तुकडा हवाय. माझ्याशिवाय.”

तिने वाचलं, त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुढे टाइप केलं. “तो माझ्या डॉक्टरांचा बाप आहे.”

बटणवालीने कानावरचं यंत्र गळ्यात उतरवलं. “मूळ तुकडे आम्ही ठेवत नाही. जागा खातात. आठवड्याला पुसतो.” ती यादीत खाली खाली जाऊ लागली. “आहे. आज रात्री जाणार होता.” तुकडा पेनड्राइव्हवर उतरत असताना ती म्हणाली, “मीही कधी ऐकलेलं नाही. दोन क्षण ऐकते, खाली नेते, पुढच्याकडे वळते.” मग सातच्या बातमीपत्राची हाक आली. पेनड्राइव्ह त्याच्या हातात कोंबून ती यंत्र कानावर चढवत म्हणाली, “काय निघालं ते सांग मला.” आणि लगेच, “म्हणजे लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेशंट यायच्या आधी, डॉक्टरांनी तो तुकडा तपासणीच्या खोलीतच लावला. काल जिथे घशाचा घसा दिसला होता त्याच पडद्यावर. घसा दाराजवळ उभा राहिला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

पडद्यावर म्हातारा आला. तीच धूळ, त्याच मिशा. तोंड उघडलं. आवाज बारीक होता. बारीक, किंचित चिरका, वर्गात खडू उचलून “मागचे बाक, शांत” म्हणणाऱ्या मास्तराचा. त्या मिशांखाली हा आवाज असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. घशाने त्याला राक्षस दिला होता आणि मूळ माणूस एखाद्या चिमणीएवढ्या आवाजात बोलत होता.

दुसरी गोष्ट त्याला जरा वेळाने दिसली. चित्राखाली लाल पट्टी नव्हती. इतके दिवस ती पट्टी जिथे होती तिथे जमीन होती, आणि जमिनीत ओळीने लावलेली हातभर उंचीची टोमॅटोची रोपं. बोट कॅमेऱ्यावर रोखलेलं नव्हतंच. ते खाली, कॅमेऱ्यापुढच्या बुटाकडे होतं. संतप्त रहिवासी खरोखरच संतप्त होता, त्यात वाहिनीचं काही चुकलं नव्हतं.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. “बंद का गं दार? कोण आहे आत?” पडद्याकडे लक्ष गेलं तशा दचकल्या. “ईऽ! याला कशाला लावलंयस सकाळी सकाळी?”

“आई,” डॉक्टर म्हणाल्या, “हे माझे बाबा.”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मनातल्या मनात म्हाताऱ्याला लग्नातला कोट घालून पाहिला असावा, कारण हळूहळू त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. त्या भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या.

“व्याही?” त्या म्हणाल्या. “आणि तो आवाज?”

डॉक्टरांनी घशाकडे पाहिलं. घशाने हात वर केला, शाळेत चूक कबूल करताना करतात तसा.

“विमा?” सासूबाई म्हणाल्या. एवढंच. पण घशाला त्या एका शब्दात त्याचे सगळे हप्ते बुडाल्यासारखे वाटले.

डॉक्टरांनी तुकडा मागे नेला आणि थांबवत थांबवत सांगू लागल्या. “म्हणतायत, अहो कॅमेरावाले, पाय. पाय कुठे ठेवताय ते बघा. भिंत पडली ती पडली, तिचं मी बघेन. पण भिंत पडूनही ही रोपं उभी होती आणि तुम्ही ती बुटाने मारताय... आता तो कॅमेरावाला बहुतेक नाव विचारतोय. म्हणतायत, नाव काय करायचंय, चाळीस वर्षं भूगोल शिकवला, गावात कुणालाही विचारा.”

पुढच्या वाक्यावर त्या थांबल्या. तुकडा पुन्हा मागे नेला, पुन्हा ऐकला. मग एकदम हसल्या आणि हसता हसता ओठ दाताखाली धरले.

“काय गं? काय म्हणतात?” सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“म्हणतायत, माझी मुलगी परदेशात घशाची डॉक्टर आहे. ती हे कुठे बघणार असेल तर तिला सांगा, मी उद्या बहिणीकडे राहायला जातोय. हो, त्याच बहिणीकडे. आणि तिने हसू नये.”

“कोण बहीण?”

“आत्या. डोंगरातल्या गावात असते. वीस वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. कशावरून ते दोघांनाही आठवत नाही. मी सगळीकडे विचारलं आई, सगळीकडे. आत्याकडे नाही विचारलं. बाबा तिच्याकडे जातील हे माझ्या मनातही...” सासूबाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने डोळे पुसत, घशाकडे रागाने बघत राहिल्या. त्या रागाला घसा पात्र होता आणि त्याला ते मान्यही होतं.

पडद्यावर तुकडा पुढे चालूच होता. बूट मागे सरकला. म्हातारा गुडघ्यावर बसला आणि मोडक्या रोपाशी काहीतरी करू लागला. मग चित्र संपलं.

“रोपं वाचली का?” सासूबाईंनी विचारलं. त्यांनी पुढे होऊन शेवटचं चित्र पुन्हा लावायला लावलं, नाक पडद्याला टेकेपर्यंत जवळ गेल्या. “एक मोडलंय. बाकीची आहेत. पण असं धरून काय उपयोग, काडी लावायला हवी त्याला.” आणि डोळे पुसत सुनेला म्हणाल्या, “आता बसू नको. आत्याबाईंना फोन लाव.”

नंबर जुन्या मोबाइलमध्ये सापडला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजू लागली. कुणीतरी बाई मोठ्याने ओरडली, मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज, मग पावलं. आणि मग तो बारीक, चिरका आवाज. दाराशी उभ्या असलेल्या घशालाही तो ओळखू आला. डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला, तो कळायला भाषांतर लागलं नाही.

दोघं बरंच बोलली, रडली, मधूनच भांडली. सासूबाईंना मात्र धीर धरवेना. त्यांनी सुनेच्या हातातून फोन काढून घेतला आणि दूरच्या माणसाशी बोलतात तशा ओरडून बोलू लागल्या.

“व्याहीबुवा! नमस्कार! अहो, मी बोलतेय! काडी बांधा त्या रोपाला, काडी! सुतळीने नको, कापडाच्या चिंधीने! ऐकताय ना?”

पलीकडून गोंधळलेलं काहीतरी आलं. व्याहीबुवांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. सासूबाईंनी वळून खोलीत पाहिलं आणि टीव्हीवर हा आवाज ऐकायच्या सवयीने फोन घशापुढे धरला.

“अहो विमा, सांगा की त्यांना नीट. तुम्ही सांगितलं की कळतं लोकांना.”

घशाचं तोंड उघडलं. आत, गाठींच्या वर, विम्याचा आवाज तयार होऊन बसला होता. ऊबदार, खालच्या पट्टीतला. त्याला ती भाषा येत नव्हती, पण ती तशी त्याला कधीच आली नव्हती, आणि त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

“ते बोलणार नाहीत, आई,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला आणि काडीचं, चिंधीचं सगळं बाबांना स्वतः सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, मोडकं रोप डब्यात घालून इथे बहिणीकडेच आणलंय, ते त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मग सासूबाई बोलल्या, मग व्याही बोलले. रोपावरून गोष्ट मिरच्यांवर गेली, मिरच्यांवरून गुडघेदुखीवर. दाराशी घसा तोंड मिटून उभा होता. त्याच्या आठवणीत पहिल्यांदाच दोन माणसं एकमेकांशी बोलत होती आणि तो त्यांच्यावर बोलत नव्हता.